उपासातलं लोणी

झेलेकेने पहिला घास तोंडात घातला, दोनदा चावला आणि थांबला.

बांधावरच्या दगडापाशी गवताची विणलेली टोपली मांडली होती. तिच्यात एकच मोठा इंजेरा, आमची आंबवलेली भाकरी, पसरलेला, जाळीदार, आंबूस वासाचा, आणि त्याच्यावर हरभऱ्याच्या पिठाचं लालभडक पिठलं. एका बाजूने झेलेके बसला होता, दुसऱ्या बाजूने अंबाचेव. अंबाचेवची बायको त्रिंगो पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. पहाटेपासून दोघांनी वावर नांगरलं होतं आणि दोघांच्या ओठांवर सफेत पापुद्रे आले होते. मोठ्या उपासाचे दिवस. टेकडीवरच्या चर्चची दगडी घंटा दुपार कलल्यावर वाजते, तोवर पाण्याचा थेंबही घशाखाली जात नाही. आणि घंटेनंतर खायचं तेसुद्धा फक्त जमिनीतून उगवलेलं. धान्य, डाळी, पाला, कारळ्याचं तेल. दूध, लोणी, अंडं, मटण यांचं नावही ईस्टरपर्यंत कुणी काढत नाही.

झेलेकेने तोंडातला घास हातावर काढला. हुंगला. मग मागे वळून थुंकला.

"लोणी आहे," तो म्हणाला.

"काय आहे?" अंबाचेवचा घास तोंडाशीच थांबला.

"लोणी. तुमच्या पिठल्यात लोणी आहे."

"काहीतरीच काय, गाशे!" अंबाचेव हसला. झेलेके त्याच्याहून मोठा, म्हणून थोरल्या भावाला म्हणावं तसं तो आणि त्रिंगो त्याला गाशे म्हणत. त्याने आणखी एक घास तोडला आणि नीट चावून खाल्ला. "हे बघा, मी खातोय. पीठ आहे, मिरची आहे, तेल आहे. कुठलं लोणी?"

"सणाच्या मडक्यात रांधलंय हिने. मडकं लोणी पितं आणि नंतर ओकतं. एवढं कळायला नको?"

त्रिंगो तांब्या घेऊन पुढे आली. "नाही हो गाशे! उपासाचं मडकं वेगळं आहे आमचं. यंदा नवंच घेतलंय."

"त्या मडक्याला कधी लोण्याचं बोट लागलेलं नाही," अंबाचेव उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला. "संत गियोर्गिसची शपथ घेऊन सांगतो. आणखी काय पाहिजे?"

झेलेकेने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, मग तिसऱ्यांदा. आदल्या पावसाळ्यात त्याची बायको येशी गेली होती. तिच्या आत्म्यासाठी हा उपास एका दिवसाचाही खंड न पडता पाळीन, असं तो तिच्या मातीपाशी बोलला होता आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो सरळ उठला. जुवापाशी गेला, बोरा नावाच्या आपल्या बैलाच्या मानेवरची पट्टी सोडली आणि त्याला हाकत चालू लागला. दुसऱ्या बाजूचा दाल्चा, अंबाचेवचा राखाडी बैल, रिकाम्या जुवाखाली मान वाकडी करून बघत राहिला.

त्या काळी पठारावर दोन बैल असलेलं घर म्हणजे मोठंच घर. बाकीच्यांचा एकेक बैल आणि सावड. झेलेके आणि अंबाचेवची सावड इतकी जुनी की दोन्ही बैल एकाच गोठ्यात जन्मलेत असं परक्याला वाटावं. एक दिवस याच्या वावरात, एक दिवस त्याच्या. ज्याचं वावर, त्याच्या घरचं जेवण. यंदा धाकटा पाऊस उपासाच्या मधोमध पडला होता आणि माती आठवडाभर मऊ राहणार होती. तेवढ्यात नांगर फिरला तर जव पेरता येणार, आणि मोठ्या पावसाच्या ऐन भुकेच्या महिन्यांत चूल पेटणार. नाही फिरला तर माती विटेसारखी होणार. एक बैल काही नांगर ओढत नाही.

संध्याकाळी त्रिंगो भांडी घासायला बसली. मनगटावर पाणी टाकलं तर ते थेंब थेंब होऊन घरंगळलं. तिने मनगट नाकाशी नेलं. लोण्याचा वास.

सकाळी रिकाम्या पोटी पाणी आणताना तिचं डोकं ठणकायला लागलं होतं. सासूने, वुदे म्हातारीने, तिला ओढून उंबऱ्यात बसवलं होतं आणि टाळूवर लोण्याचा गोळा थापला होता. डोकं दुखलं की आमच्याकडे बायका दुसरं काय करणार? लोणी खायचं नाही. डोक्याला कोण अडवतंय? मग जेवणाची टोपली घेऊन ती उन्हातून वावरात गेली. लोणी वितळून कानामागून ओघळत होतं. तिने ते मनगटाने, बोटांनी पुसलं असणार. त्याच हाताने इंजेरा पसरला, त्याच हाताने पिठलं वाढलं. पहिल्यांदा झेलेकेच्या बाजूला, कारण तो मोठा.

"आई," ती आत जाऊन सासूला म्हणाली, "गाशे खरं बोलत होते."

वुदे म्हातारी चुलीपाशी वाटाणे निवडत होती. सगळं ऐकून तिने मूठभर वाटाणे सुपात टाकले. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस. तुझ्या नवऱ्याने झेलेकेसमोर संताची शपथ घेतलीय. आता तू तोंड उघडलंस तर तो खोटा पडेल. आणि तुला म्हणतील, बघा, केसांतलं लोणी लोकांना खाऊ घालते."

"पण गाशेंचा नवस..."

"थुंकला ना तो? पोटात गेलं नाही. झेलेके काय, चार दिवसांनी विसरेल."

झेलेके विसरला नाही. गावानेही त्याला विसरू दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणवठ्यावर एकच विषय. अस्नाकेच नावाची शेजारीण होती, तिची जीभ गिरणीच्या पट्ट्यासारखी. ती म्हणाली, "एकाच टोपलीत दोघं जेवले. एकाला लोणी लागलं, एकाला लागलं नाही. असं कुठे असतं का? बायको गेल्यापासून झेलेकेचं डोकंच ठिकाणावर नाही. परवा म्हणे रात्री येशीच्या जात्याचा आवाज येतो त्याला."

"अगंबाई!"

"उद्या म्हणेल, विहिरीत तूप आहे."

बायका हसल्या. त्रिंगो घागर पाठीवर बांधत होती. दोर तिच्या छातीत रुतला होता. ती हसली नाही आणि बोललीही नाही.

अंबाचेवने मेव्हण्याकडून घोडा मागून आणला. घोड्याने आयुष्यात जू पाहिलेलं नव्हतं. एका बाजूला दाल्चा, एका बाजूला घोडा, असं ते सोंग वावरात उतरलं तेव्हा बांधावर माणसं जमली. घोडा पुढे धावायचा, दाल्चा आपल्या चालीने, आणि नांगर मधल्या मध्ये कडेला फिरून मातीवर खेकड्यासारख्या रेघा ओढायचा.

"अंबाचेव, घोड्याला सांग, शर्यत नाहीये!" कुणीतरी ओरडलं.

"नाहीतर दाल्चावर तू बस आणि घोड्याला नांगर धरायला दे!"

अंबाचेवने दात आवळून चाबूक उडवला. घोडा उसळला, नांगराचा दांडा फाळापाशी करकरला आणि चिरला. अंबाचेव तोंडावर आपटला. उठला तेव्हा त्याच्या तोंडात माती होती आणि चूळ भरायला पाणीही घेता येत नव्हतं, कारण घंटा व्हायची होती. तो नुसता थुंकत राहिला, कोरडं कोरडं. त्रिंगोने आपल्या शालीच्या टोकाने त्याचा चेहरा पुसला. लोक गेले.

मग दोघांनी कुदळ घेतली. अंबाचेव खणायचा आणि त्रिंगो मागून ढेकळं फोडायची. उपाशी पोटी कुदळ मारताना दुपारपर्यंत डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचतात, मग ठिपक्यांच्या माश्या होतात. एवढं खणून जेमतेम एक गाय बसेल एवढी जागा झाली. पलीकडच्या वावरात बोरा चरत होता आणि झेलेके मूठभर भाजलेले जव, मोजून घेतल्यासारखे, हातावर घेऊन दगडावर बसला होता. घंटेची वाट बघत. घरात रांधणारं कुणी नव्हतं, आणि दुसऱ्याच्या हातचं आता तो खात नव्हता. तो या दोघांना हसला नाही. बघतही नव्हता. ते त्रिंगोला जास्त लागलं.

रविवारी चर्चच्या राईत अब्बा मेलाकू भेटले. प्रत्येक घराचे एक अब्बा असतात, घरातल्यांच्या मनातलं ऐकणारे. या घराचे हे. म्हातारे, पाय सुजलेले, हातात लाकडी क्रूस. त्रिंगोने क्रूसाला कपाळ टेकवलं आणि खाली बघत सगळं सांगून टाकलं.

अब्बा आधी हसले. इतके की त्यांना खोकला आला. मग डोळे पुसून म्हणाले, "डोक्यावर होतं, हाताला लागलं, हातातून टोपलीत गेलं. यात पाप कुठंय, पोरी? पाप नाही."

त्रिंगोने सुटकेचा श्वास सोडला.

"थांब. तेव्हा नव्हतं. आता आहे. त्या माणसाला सगळं गाव वेडा म्हणतंय आणि तू एकटी जाणतेस की तो वेडा नाही. तू गप्प राहून उपास करत्येस. तोंड बंद ठेवायचं ते घासासाठी, खऱ्यासाठी नाही. जा, सांग त्याला."

"सांगते, अब्बा."

ती झेलेकेच्या कुंपणापर्यंत गेली. आत धूर नव्हता. कुंपणाशी येशीने लावलेली कोबीची रांग होती, पानं भोकं पडून वाळलेली. त्रिंगोने हाक मारायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे अंबाचेव आला, मातीने भरलेल्या तोंडाचा. ती परत फिरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि पुन्हा फिरली.

तिसऱ्या पहाटे, घर झोपेत असताना, ती गोठ्याच्या मागे गेली. मेंढ्यांची लोकर उतरवायच्या कात्रीने तिने आपले केस कापले. जाड, लांब, कपाळापासून मागे घट्ट गुंफलेल्या वेण्या. मग वस्तऱ्याने उरलेलं तासलं. तिला वाटलं, देवाला एवढं पुरेल. लोणी ज्यात होतं तेच टाकून दिलं; आता तरी बोलायला लावू नये त्याने. केस शेणाच्या खड्ड्यात पुरून तिने डोक्याला फडकं घट्ट बांधलं, वर शाल घेतली आणि घागर उचलून पाण्याला गेली. डोक्याला वारा लागत होता. लहानपणी आजारातून उठल्यावर लागतो तसा.

पाणवठ्यावर अस्नाकेच एकटीच होती. त्रिंगो वाकली, घागर बुडवली, उचलताना दोर फडक्याला अडकला आणि फडकं मागे सरकलं.

अस्नाकेचच्या हातातून तिची घागर पडली.

आमच्याकडे बाई डोकं भादरते ती एकाच कारणाने. जवळचं माणूस गेलं की.

"त्रिंगो! बाई गं! कोण?"

त्रिंगोने घाईघाईने फडकं ओढलं. काय सांगणार? लोण्याचं सांगितलं तर संध्याकाळच्या आत चार गावांत जाईल. ती मान खाली घालून उभी राहिली. डोळे भरून आले.

"आई का? दरीपलीकडची? मी परवाच म्हटलं होतं, बाजारच्या लोकांनी तिचं काही सांगितलं नाही!" अस्नाकेचने छातीवर हात मारला. त्रिंगो "नाही" म्हणेपर्यंत ती चढण चढून निम्म्यावर पोचली होती.

त्रिंगो भरलेली घागर घेऊन हळूहळू घरी आली. घागर टेकवते न टेकवते तोच खालच्या वाडीकडून हंबरडा ऐकू आला. एक बाई, मग तीन, मग सगळी वाट. शाली कमरेला बांधलेल्या बायका छाती पिटत येत होत्या.

"आई, कोण गेलं हो?" म्हणत त्रिंगो बाहेर धावली आणि पहिल्या बाईच्या गळ्यात पडून रडू लागली.

"रड पोरी, रड," ती बाई म्हणाली. "मोकळी हो."

"पण गेलं कोण?"

"बघा, भान नाही बिचारीला!"

वुदे म्हातारी दारात आली. तिला बघून दोन बायकांनी तिचेही हात धरले. तेवढ्यात वावरातून अंबाचेव धापा टाकत आला. हातात कुदळ, पाय मातीने भरलेले. घरापुढे आक्रोश बघून त्याने कुदळ फेकली. "आई! माझी आई गेली!"

"मेल्या, मी इथे उभी आहे!" म्हातारी ओरडली. "मला काही झालेलं नाही!"

"मग कोण गेलं?"

"मला कसं ठाऊक? तुझ्या बायकोला विचार!"

पण विचारायला सवड कुठे होती! पुरुष आले. काठ्या टेकत, शाली खांद्यावरून उलट्या पांघरून ओळीने बसले. बायकांनी आणलेल्या टोपल्या भिंतीशी रांगेत लागल्या. गहू, हरभरे, वाटाणे एकत्र उकडलेल्या दुःखाच्या घुगऱ्या, वाफ येत असलेल्या. घंटेला अजून वेळ होता. त्या वासाने सगळ्यांची पोटं बोलत होती आणि सगळे दुःखी चेहरा करून टोपल्यांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. अब्बा मेलाकूही आले आणि ओट्यावर टेकले.

सगळ्यांत शेवटी झेलेके आला.

गर्दीने वाट दिली. मेल्याच्या दारी वैरीही येतो, ही रीत. पण तो येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याच्या गालांची हाडं वर आली होती. तो अंबाचेवकडे न बघता सरळ त्रिंगोपुढे येऊन उभा राहिला.

"देव तुला धीर देवो," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "येशी गेली तेव्हा माझी चूल तू पेटवलीस. मला आठवतंय. बाकीचं बाकीच्या ठिकाणी. आई ती आई."

त्रिंगोने दोन्ही हातांनी डोक्यावरचं फडकं काढलं. उघडं, पांढुरकं डोकं उन्हात आलं तसा बायकांनी नवा हंबरडा फोडला.

"गप्प बसा!" ती ओरडली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "गप्प बसा सगळ्या! कुणी मेलं नाही!"

रडणं तुटक तुटक होत थांबलं. मागे बसलेली एक बहिरी म्हातारी तेवढी सूर धरून राहिली.

"माझी आई धडधाकट आहे. मी केस कापले ते..." तिला अंबाचेव दिसला. त्याचं तोंड उघडं होतं. ती त्याच्याकडे बघतच म्हणाली, "गाशे, लोणी होतं. मडक्यात नव्हतं. माझ्या डोक्यावर होतं. उन्हाने वितळून हाताला लागलं आणि मी तुमच्या बाजूला वाढलं. मला त्याच संध्याकाळी कळलं. मी गप्प बसले. तुम्हाला वेडा म्हणत होते तेव्हाही गप्प बसले."



"होतं?" झेलेके म्हणाला.

"होतं."

"म्हणजे वास होता? मला आला तो?"

"होता, गाशे."

झेलेके खाली बसला. भिंतीशी दगड होता, त्याच्यावरही नाही, सरळ मातीत. काठी मांडीवर आडवी. "मला वाटलं," तो हळू म्हणाला, "मला वाटलं माझं खरंच काहीतरी बिघडलं. लोक म्हणायचे आणि मी रात्री पडून विचार करायचो की म्हणत असतील ते खरंच असेल. मी माझं पाणीसुद्धा हुंगून प्यायला लागलो होतो. काल जवाचे दाणे हुंगले." त्याने डोळे मिटले. त्याच्या खांद्यांना हिसके बसत होते आणि तो रडतोय की हसतोय ते कळत नव्हतं. मग कळलं, दोन्ही.

अस्नाकेच शालीचा काठ चावत मागच्या मागे सरकली.

अंबाचेव पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. त्रिंगोला वाटलं, आता हात उगारतो. तो तिच्या भादरलेल्या डोक्याकडे बघत राहिला.

"मी शपथ घेतली होती," तो म्हणाला.

"कशाची?" अब्बा मेलाकूंनी ओट्यावरून विचारलं.

"मडक्याची. मडक्याला लोण्याचं बोट लागलेलं नाही, अशी."

"लागलं होतं का?"

अंबाचेवने बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. "मडक्याला नाही लागलं."

"मग गियोर्गिसला कशाला मध्ये ओढतोस?" अब्बा म्हणाले. "तुझी शपथ खरी. याची जीभ खरी. आणि झेलेके, थुंकलेल्या घासाने नवस मोडत नाही, हे तू आधीच विचारायला यायला हवं होतंस. माझे पाय सुजलेत, कान नाही."

कुणीतरी फसकन हसलं. मग ओळीने सगळे. बहिरी म्हातारी अजून रडत होती. तिला कोपराने ढोसून थांबवावं लागलं. "काय झालं? पुरलं का?" तिने विचारलं आणि पुन्हा हशा पिकला.

"बरं, या घुगऱ्यांचं काय करायचं?" एकीने विचारलं. "उचलून घरी न्यायच्या?"

"न्यायच्या कशाला?" वुदे म्हातारी म्हणाली. सुनेला गप्प बसवलं होतं हे तिच्या मनात होतं, म्हणून आवाज नेहमीपेक्षा मोठा लावला होता. "घंटा होऊ द्या, मग बसा सगळे. रडून रडून भूक लागलीच असेल."

घंटा झाली तेव्हा टोपल्या मध्ये आल्या आणि दुःखाचे दाणे लोकांनी हसत हसत खाल्ले. झेलेकेने मात्र तिथे काही घेतलं नाही. उठताना तो अंबाचेवला एवढंच म्हणाला, "दांडा चिरलाय ना तुझा? रात्री ओलं कातडं गुंडाळून ठेव. सकाळपर्यंत आवळेल."

सकाळी धुकं होतं. बोराच्या खुरांचा आवाज आधी आला, मग बोरा, मग झेलेके. दाल्चाने लांबूनच हंबरून हाक दिली. बैलांना भांडणाचं काय! दोघांनी जुवाखाली आपापली मान घातली, जणू कालच सोडले होते. माती कडक होत चालली होती, फाळ दगडावर गेल्यासारखा खणखणत होता. अंबाचेव नांगर दाबून धरायचा, झेलेके पुढे चालत बैलांना नावाने हाका मारायचा. दुपारपर्यंत दोघांच्या पोटऱ्या मातीने राखाडी झाल्या, आणि वावराचा मोठा तुकडा काळाभोर होऊन उताणा पडला.

त्रिंगो घरी पहाटेपासून खपत होती. येशी उपासात हरभऱ्याच्या पिठाचे मासे करायची. घट्ट भिजवलेल्या पिठाचे बोटभर मासे, शेपटीसकट, कारळ्याच्या तेलात तळायचे आणि तिखट रश्श्यात सोडायचे. आता ते तसे कुणी करत नाही. नव्या बायकांना वेळ नसतो. त्रिंगोने येशीकडूनच शिकले होते. शेवटच्या माशाला तिने लवंगेच्या टोकाने डोळा केला. मग राखेने कोपरापर्यंत हात घासले, धुतले, पुन्हा घासले. कातडी चुरचुरायला लागली तेव्हा थांबली.

ती वावरात पोचली तेव्हा बांधावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. कुणाची मेंढी नेमकी तिथेच चरायला आली होती, कुणाला नेमकं तिथेच जळण सापडलं होतं. अस्नाकेच वाळलेल्या काटक्या गोळा करत होती आणि तिच्या हातात अजून एकच काटकी होती.

घंटा झाली. त्रिंगोने टोपली उघडली, इंजेरा पसरला, मासे वाढले. तिने हात पाठीमागे घेतले.

झेलेकेने मासे बघितले. शेपट्या, डोळे. मग त्याने इंजेराचा तुकडा तोडला, एक मासा उचलला, घास नाकापाशी नेला आणि सवयीने हुंगणार तोच थांबला. हुंगला नाही. तोंडात घातला.

चावताना त्याचं जबड्याचं हाड वर-खाली होत होतं.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"छे!" अंबाचेवचा गाल भरलेला होता. "बरोबर आहे की. मला तर बरोबर लागतंय."

"तू नको सांगू. तुझी जीभ कशी आहे ते सगळ्या पठाराला कळलंय."

बांधावर हशा उठला. अंबाचेवही हसला, ठसका लागेपर्यंत. झेलेकेने तोवर आणखी एक मोठा तुकडा तोडला, त्यात मासा गुंडाळला, रश्श्यात बुडवला आणि हात लांब करून त्रिंगोच्या तोंडापुढे धरला. घास एवढा मोठा की तिला तोंड पूर्ण उघडावं लागलं. रस्सा हनुवटीवर ओघळला. ती चावते न चावते तोच दुसरा तयार.

"एका घासाने भांडण लागतं, दुसऱ्याने मिटतं म्हणतात," झेलेके म्हणाला. "दुसरा घे."

तिने घेतला. गाल फुगले, डोळ्यांतून पाणी आलं, मिरचीने की कशाने. नवरा बघत होता, गाव बघत होतं, उघड्या मानेवर ऊन लागत होतं. चावता चावता तिच्या जिभेला कळलं, आणि या वेळी तिने घास गिळून होण्याचीही वाट बघितली नाही.

"कमीच आहे हो मीठ," ती भरल्या तोंडाने म्हणाली.